कोंबडीचं तोंड कुणाकडे

लुकांग
बाराव्या महिन्याची नवमी (आपल्या पंचांगाची, तुझ्या हॉस्पिटलच्या कॅलेंडरची नव्हे)

प्रिय ताई,

भावोजींना नमस्कार, पिल्लूला पापा. उलटं करू नकोस.

"फोनवर तू नुसता ओरडतोस. लिहून पाठव, लिहिताना माणूस निदान श्वास तरी घेतो," असं म्हणालीस, म्हणून हा कागद. श्वास घेतला. आता ऐक.

मी बरा आहे. खोकला आहे, पण तो पॉलिश खात्यात सगळ्यांनाच असतो. पितळेची धूळ ओढायला भिंतीत पंखा बसवलाय, तो नुसता फिरतो, ओढत काही नाही. समुद्रावरचा वारा इतका आहे की वाळत घातलेला शर्ट काल शेजारच्या देवळाच्या छपरावर सापडला. जेवण वेळेवर. तुझ्या मोरीचा नळ अजून गळतो का? बाबांशी बोललो नाही, आणि तूही त्यांची वकिली करू नकोस. नव्या वर्षानंतर कॉलेजचं सत्र सुरू होतं हे मला माहीत आहे. तू विचारलेलं मी वाचलंच नाही असं समज.

आता खरी गोष्ट. आमच्या नळाच्या तोट्यांच्या कारखान्यातून कुणाला तरी काढणार आहेत. बहुतेक मलाच.

थोरल्या मालकांना झटका आल्यापासून ते घरी खुर्चीत असतात. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियातून परत आली आणि गादीवर बसली. बसली म्हणजे काय, बसतच नाही, हीच तर भानगड आहे. नाव को रुओ-छिंग. आम्ही धाकटी मालकीण म्हणतो. ती म्हणते, नुसतं रुओ-छिंग म्हणा. कोण म्हणणार! कुठल्या तरी पुस्तकात वाचून आलीय की कामगाराचं मन कामात रमलं पाहिजे, आणि ते मालकानं रमवलं पाहिजे. तेव्हापासून आम्हाला रमवणं चाललंय.

रोज तीन वाजता सगळ्यांना चहा. साबुदाण्याचे काळे मणी घातलेला, बाहेरच्या दुकानातला, तिच्या खर्चानं. ठीक आहे, पाजू दे. पण ताई, तिला प्रत्येकाची साखर पाठ आहे. शिउल्येन मावशींना अर्धी साखर, बर्फ नको. थ्येनफू काकांना बिनसाखरेचा. मला पूर्ण साखर आणि थोडा बर्फ. मी कधी सांगितलं तिला? कुणालाच सांगितलं नव्हतं. इतक्या माणसांची साखर लक्षात ठेवणारी बाई आणखी काय काय लक्षात ठेवत असेल, याचा विचार कर.

दुसरं. मालकांचं जेवणाचं वेगळं टेबल तिनं काढून टाकलं. आता ती आमच्यात बसून डबा खाते. डब्याचं रबर काढते आणि त्यानंच केस बांधते. मोहरीचं लोणचं बाजूला काढून ठेवते आणि शेवटी खाते, मन घट्ट करून, औषधासारखं. जेवताना आम्ही पूर्वी मालकांना शिव्या द्यायचो. आता कुठे द्यायच्या? म्हणजे तोही मार्ग बंद केला, कळलं?

तिसरं. तोटीच्या खोक्यात आता चिठ्ठी जाणार, 'पॉलिश : अमुक अमुक'. ज्यानं घासली त्याचं नाव. म्हणते, "ज्याच्या घरी हा नळ लागेल त्याला कळू दे की हा कुणाच्या तरी हातातून आलाय." किती गोड! मला विचारशील तर, खोट निघाली की मान कुणाची धरायची ते शोधायला नको. काकांनी आणि बाकीच्यांनी नावं दिली. मी दिलं नाही. माझ्या खोक्यात कोरी चिठ्ठी जाते.

आणि चौथं. एकेकाला स्टुलावर बसवून ती एकच प्रश्न विचारते. मला विचारलं, "आ-युआन, हा कारखाना तुझा असता तर पहिल्यांदा काय बदललं असतंस?"

मी म्हटलं, "मालकीण."

तुला वाटलं असेल ती चिडली. छे. खो खो हसली. हसताना तिचा डावीकडचा एक दात दुसऱ्यावर थोडा चढलेला दिसतो. म्हणाली, "हे मी लिहून ठेवते हं." ऐकलंस? लिहून ठेवते! आणि त्या दिवसापासून मी रागानं इतका पेटलोय की हातातली तोटी दोनदा चाकावरून उडाली. शिउल्येन मावशी पॅकिंगच्या टेबलावरून ओरडल्या, "अरे राजा, तोटी घासतोयस की तिकडे बघतोयस? दोन्ही चमकतायत म्हणा!" सगळे हसले. मी लक्ष दिलं नाही.

देवाला वाहायच्या डुकराला उन्हाळ्यात पंखा लावतात, मच्छरदाणी बांधतात. डुकराला वाटतं, काय हे प्रेम! तसं आहे हे सगळं.

शिवाय एक माणूस येतो. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट. येतो, चाकांजवळ हात मागे बांधून उभा राहतो, आणि आमच्याकडे बघतो. डोळ्यांत बघत नाही, तोंडाकडे बघतो, जनावर विकत घेणारे बघतात तसं. मावशी म्हणतात, तो पॉलिशचं यंत्र विकणारा आहे, लोखंडी हात, एका हातात तीन माणसांचं काम. मला वाटतं, तो कारखानाच विकत घेतोय. ती त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणते. प्रामाणिक माणूस आवाज खाली का आणेल?

सोळाव्या तिथीला वर्षअखेरची जेवणावळ आहे. अंगणात मांडव, गोल टेबलं, आचारी बाहेरून. कोंबडी अख्खी येणार, डोक्यासकट. बाबांचं आठवतं ना, श्यथौच्या मोज्यांच्या कारखान्यातलं? वर्षभर कुणी चकार शब्द काढला नाही, आणि जेवणावळीला कोंबडीचं तोंड त्यांच्याकडे. नव्या वर्षात येऊ नका, हे मालकाला तोंडानं सांगावं लागत नाही, कोंबडी सांगते. बाबा तेव्हापासून कोंबडी खात नाहीत. तू तेव्हा मोठी होतीस, तुला जास्त आठवत असेल.

थोरले मालक भला माणूस. ते डोकं तोडूनच कोंबडी टेबलावर ठेवायला लावायचे. यंदा मात्र डोकं आहे. मी आचाऱ्याला विचारलं. म्हणाला, "धाकट्या मालकीणबाईंनी मुद्दाम सांगितलंय, डोकं पाहिजेच."

मुद्दाम. बघू आता.

तुझा संतापी भाऊ,
आ-युआन

*

लुकांग
सतरावी तिथी

ताई,

मी म्हटलं होतं की नाही?

झालं. पण माझं नाही झालं. काकांचं झालं.

थ्येनफू काका कोण, ते नीट सांगतो, कारण मागच्या पत्रात मी त्यांच्यावर धड एक ओळसुद्धा खर्चली नाही. थोरल्या मालकांनी पहिलं चाक लावलं तेव्हापासूनचा माणूस. तोटीची जी मान वाकलेली असते ना, तिच्या आतल्या बाजूला चाक पोचवणं सगळ्यांत कठीण, तिथे ओरखडा राहिला की वरचा मुलामा धरत नाही. तो बाक काका डोळे मिटून घासतात. मी कॉलेज सोडून आलो तेव्हा इथे कुणी विचारलं नाही की का सोडलं. काकांनी फक्त विचारलं, "डावखुरा का?" आणि माझं चाक फिरवून बसवून दिलं.

काल दुपारी भूमीदेवाची पूजा झाली. फटाके, धूप, सगळं रीतसर. तीच नैवेद्याची कोंबडी मग मुख्य टेबलावर आली, झाकणाखाली. संध्याकाळी मांडवात सगळे बसायला लागले. वाऱ्यानं मांडवाचं कापड इतकं फडफडत होतं की आचारी मोठमोठ्यानं शिव्या देत होते. तेवढ्यात पांढरी गाडी आली. तो उतरला. तिनं धावत जाऊन त्याला हाताला धरून आणलं. हाताला धरून, ताई.

मग ती काकांकडे गेली. "काका, आज तुम्ही माझ्या जागेवर बसायचं."

"छे छे, ती मालकांची जागा."

"म्हणूनच तर! बसा. मी आज वाढणार आहे सगळ्यांना."

काका नाही नाही म्हणत होते. मावशी म्हणाल्या, "बसा हो, एवढी पोर म्हणतेय तर! नाहीतर मी बसते, मग ओरडू नका!" हशा झाला. काका लाजले. त्यांनी नवं जाकीट घातलं होतं, सुनेनं घेतलेलं. ते खाली ओढून घेऊन बसले.

तिनं झाकण उचललं. कोंबडीचं तोंड काकांकडे.

ताई, मांडवातला आवाज कुणी तरी नळ बंद करावा तसा बंद झाला. फक्त कापड फडफडत होतं. मावशींच्या हातातला चमचा तोंडापाशीच राहिला. आणि ती? तिला कळलंसुद्धा नाही. किंवा कळलं आणि दाखवलं नाही, कारण तिची पाठ आमच्याकडे होती. ती त्या गाडीवाल्याच्या वाटीत सूप वाढत होती.

काका उठले नाहीत. थोडा वेळ कोंबडीकडे बघत बसले. मग त्यांनी पेला भरला, उभे राहिले, तिच्याकडे दोन्ही हातांनी पेला उचलला आणि म्हणाले, "मालकीणबाई, इतकी वर्षं सांभाळलंत, आभारी आहे." तिला वाटलं, काका भावुक झाले. तिनंही पेला उचलला. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. "काका, तुमच्यामुळे तर आहे सगळं!" म्हणाली. काका पेला रिकामा करून, खुर्ची आत सरकवून, बक्षिसांच्या सोडतीच्या आधी निघून गेले. सोडतीत त्यांना भात शिजवायचा कुकर लागला. घ्यायला माणूस नव्हता.

आज ते आले नाहीत. त्यांच्या चाकावर त्यांनी फडकं टाकून ठेवलंय, व्यवस्थित घडी घालून.

तर ही तुमची माणसांची मनं रमवणारी. आधी खुर्चीवर बसवायचं, मग कोंबडी दाखवायची. निदान बाबांच्या मालकानं त्यांना स्वतःच्या खुर्चीवर तरी बसवलं नव्हतं. मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. तू म्हणालीस की मला सगळीकडे साप दिसतात. आता कोण खरं ठरलं?

कुणी तिला काही विचारलं नाही. सगळे मान खाली घालून घासतायत. तीन वाजता चहा आला, तो तसाच राहिला, मणी खाली बसले. ती सगळ्यांना विचारत होती, "काका आजारी आहेत का? फोन का उचलत नाहीत?" चेहरा असा की जणू काहीच माहीत नाही. किती सफाई!

मी नोकरी सोडणार आहे. कॉलेजात येणार नाही, पण इथेही राहणार नाही.

आ-युआन

*

लुकांग
बाविसावी तिथी

ताई,

तुझं पत्र आलं. चार पानं मी लिहिली आणि तू उत्तरात एक ओळ पाठवलीस, "ताट टेबलावर कुणी ठेवलं होतं?"

तू नर्स झालीस ते बरं केलंस. कुठे दाबलं की माणूस ओरडतो ते तुला बरोबर कळतं.

मी ठेवलं होतं.

पूजेनंतर अंगणात मी खुर्च्या लावत होतो. ती ताट घेऊन आली. एकटीच होती. म्हणाली, "आ-युआन, मला जरा मदत कर. इथली रीत अशी ना, की कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे त्याला काढतात?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "आणि मालकाला कुणालाच काढायचं नसेल तर तो तोंड स्वतःकडे करतो. बरोबर ना? माझे बाबा डोकंच तोडायचे, पण मग लोक म्हणायचे, कुणास ठाऊक डोकं कुणाकडे असतं! मला सगळ्यांना स्पष्ट दिसायला हवंय. पॉलिशच्या यंत्राच्या अफवा मी ऐकल्यात. कुणी जाणार नाही. ठेव, नीट माझ्या खुर्चीकडे ठेव."

मी ठेवलं. तिनं तिच्या खुर्चीत बसून बघितलं. कोंबडीच्या चोचीसमोर स्वतःचं नाक आणलं, डोळे तिरळे केले आणि म्हणाली, "आता ठीक. मी बडतर्फ."

मग माझं हसू मला आवरेना. आम्ही दोघंही हसलो. त्या अंगणात आणखी कुणी नव्हतं, आणि वारासुद्धा जरा थांबला होता.

त्यानंतर गाडी आली.

तिनं काकांना खुर्चीवर बसवलं तेव्हा तिच्या डोक्यातून कोंबडी गेलीच होती, ताई. मला दिसत होतं. काकांना मान द्यायचा, हे एकच तिच्या डोक्यात होतं. एका हातानं मान दिला, दुसऱ्या हातानं अभय दिलं, आणि दोन्ही मिळून म्हाताऱ्याच्या तोंडावर थप्पड बसली. झाकण उचललं तेव्हा मी दोन खुर्च्या पलीकडे होतो. 'अरे, ही कोंबडी मालकिणीकडे होती!' एवढंच ओरडायचं होतं. मी, जो बसमध्ये वाहकाशी भांडतो, प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडतो, त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

कारण ती त्याच्या वाटीत सूप वाढत होती. वरची कोथिंबीर चमच्यानं बाजूला काढून वाढत होती. त्याला कोथिंबीर आवडत नाही हे तिला पाठ होतं.

मला वाटलं, होऊ दे. सगळ्यांना कळू दे ती कशी आहे.

आणि मग मी तुला लिहिलं की तिनं मुद्दाम केलं. लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. अजूनही, कधी कधी, वाटवून घेतो.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तो तू विचारलेला नाहीस, पण कुठला ते मला माहीत आहे.

ती काकांच्या घरी दोनदा जाऊन आली. काकूंनी दारातूनच सांगितलं, कालवं आणायला गेलेत. भरतीच्या वेळेला कालवं! कारखान्यातलं कुणीही तिला सांगत नाहीये की काय घडलं. सगळ्यांची खात्री आहे की तिला माहीत आहे. माहीत नाही हे फक्त मला माहीत आहे. आणि सुट्टी जवळ आली आहे. ह्या सुट्टीत काका समोरच्या लियाऊंच्या कारखान्यात शब्द देऊन बसले तर ते परत यायचे नाहीत. ते शब्द मोडत नाहीत.

ह्या पत्राला उत्तर लिहू नकोस. उत्तर मला माहीत आहे.

आ-युआन

*

लुकांग
नव्या वर्षाचा सहावा दिवस

प्रिय ताई,

नवं वर्ष सुखाचं जावो. तू पाठवलेली वाळवलेली मुळ्याची लोणची पोचली, शेजाऱ्यांनी निम्मी मागून नेली. तुला फोन केला नाही, कारण हे फोनवर सांगता आलं नसतं.

मागचं पत्र टाकून आलो, त्याच दुपारी मी तिच्याकडे गेलो. ती मागच्या अंगणात चहाचे पेले धूत होती. उरलेला, कुणी न प्यालेला चहा. मी सगळं सांगितलं. उभ्यानं, धडाधड, ओरडूनच. खुर्ची, कोंबडी, पेला, फडक्याची घडी.

ताई, माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. तिनं हात पुसले, परत ओले केले, परत पुसले. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं."

"पण मी रोज विचारते ना तुम्हाला! एकेकाला बसवून विचारते!"

"विचारता आणि लिहून ठेवता," मी म्हटलं. "आमच्याकडे मालक लिहून ठेवायला लागला की माणूस गप्प होतो. माझे बाबा…" आणि मी तिला बाबांचं सांगितलं. मोज्यांचा कारखाना, ती कोंबडी, सगळं. का सांगितलं, माहीत नाही.

तिनं शेवटचा पेला उपडा ठेवला. मग म्हणाली, "डुकराचे पाय कुठे मिळतील चांगले?"

अपशकुन धुवायला शेवया आणि डुकराचे पाय लागतात, एवढं तिला माहीत होतं. करायचं कसं, ते माहीत नव्हतं. मावशींना बोलावलं. मावशींना मी दोन वाक्यांत सांगितलं, तर त्यांनी आधी माझ्या पाठीत रट्टा घातला. "मेल्या, एवढे दिवस तोंडात काय तोटी घातली होतीस?" मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही हो बाई! खुर्ची देताना कोंबडी फिरवायची असते एवढंही ऑस्ट्रेलियात शिकवत नाहीत?" मालकिणीला! तोंडावर! ती रडता रडता हसली. मला वाटतं, ती आल्यापासून कारखान्यात कुणी तिच्याशी खरं बोललं ते तेव्हा पहिल्यांदा.

मावशींच्या सांगण्यावरून तिनं पाय आणि शेवया शिजवल्या. ते पातेलं घेऊन आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो. ती मागे, पातेलं मध्ये. वारा समोरून. पातेलं गरम होतं आणि ते माझ्या पाठीला लागत होतं. चांगलंच भाजलं. स्कूटर थांबवली नाही. खड्डेही चुकवले नाहीत फारसे.

काका घरीच होते. कालवं वगैरे काही नाही, अंगणात नातवाची सायकल दुरुस्त करत होते. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि कंबरेतून वाकली. "काका, माझी चूक झाली. कोंबडी माझ्याकडे होती. मी तुम्हाला माझ्या जागी बसवलं आणि विसरले."

काका सायकलची साखळी फिरवत राहिले. "ताट कुणी ठेवलं?"

"मी," ती म्हणाली.

मला ते सहन झालं नाही. "खोटं बोलतायत. ताट मी ठेवलं, काका. त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून. मला सगळं माहीत होतं. आणि गप्पही मीच बसलो."

आता काकांनी वर बघितलं. "का गप्प बसलास?"

ताई, ती माझ्याशेजारी उभी होती. तिच्या बाहीला आल्याचा वास येत होता. तिनंही माझ्याकडे बघितलं, कारण हे तिनंही मला विचारलं नव्हतं.

मी सायकलच्या चाकाकडे बघत राहिलो.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे. मग फडक्याला हात पुसत आत ओरडले, "अगं, वाट्या आण चार! शेवयांचा लगदा होतोय इथे!"

चौघांनी खाल्लं. पाय कच्चे होते. काकांनी दोनदा घेतलं.

ती हेल्मेट घालत होती तेव्हा काकांनी मला कान धरून सायकलमागे नेलं. "गाढवा. तिचं ठरलंय. दातांचा डॉक्टर आहे तो, थायचुंगचा. मागच्या महिन्यात माझी दाढ बघितली त्यानं, कारखान्याच्या मागे, फुकट."

म्हणून तो तोंडाकडे बघतो.

ताई, मी हसलो. खरंच सांगतो, आधी हसलोच. मग परतीच्या वाटेवर वाऱ्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, तर ती मागून ओरडून म्हणाली, "काच खाली घे ना हेल्मेटची!" घेतली.

फाटकापाशी उतरल्यावर तिनं मला परत तोच प्रश्न विचारला. वही नव्हती हातात, रिकामं पातेलं होतं. "आ-युआन, कारखाना तुझा असता तर पहिल्यांदा काय बदललं असतंस?"

मी म्हटलं, "पंखा."

"कुठला पंखा?"

"पॉलिशचा. नुसता फिरतो. ओढत नाही. आम्ही सगळे खोकतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कधीपासून?"

"मी आलो त्याच्या आधीपासून."

"आणि मी तुम्हाला चहा पाजत होते," ती म्हणाली. आत गेली, दिवे लावले, आणि स्टुलावर चढून स्वतः पंख्यासमोर हात धरून बघितला.

आज काम सुरू झालं. सकाळी फटाके, देवापुढे अननस आणि मिठाई, सगळ्यांना लाल पाकिटं. सुट्टीत पंखा बदललाय, नवा, आवाज करतो विमानासारखा. काका आले नव्हते. मी त्यांच्या चाकाकडे न बघता घासत होतो. ती दाराशी उभी होती, कुणाकडे बघत नाही असं दाखवत.

फटाक्यांचे कागद झाडून झाले तेव्हा काका आले. कुणाशी बोलले नाहीत. सरळ पंख्याकडे गेले. खालची चिमूटभर पितळेची धूळ उचलली आणि पंख्यासमोर सोडली. धूळ गपकन आत गेली. मग आपल्या चाकावरचं फडकं काढलं, घडी खिशात ठेवली आणि बसले. बसल्या जागेवरून तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी कोंबडीचं डोकं स्वयंपाकघरातच ठेवा, बाई. आणि खुर्चीवर तुम्हीच बसा. आम्हाला वाढपी चांगले मिळतात."

मला अजून तिचा पूर्ण विश्वास वाटत नाही. लोखंडी हात आणणार नाही म्हणते. बघू. पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाला, विकून टाक, तर? मी लक्ष ठेवून आहे. साखर तिच्या अजून लक्षात आहे, माझीही. पण आता तीनच्या चहाला मी थोडी कमी साखर सांगतो. तिनं विचारलं, का? म्हटलं, सवय बदलतोय.

तू वाट बघतेस ते उत्तर. सत्र सुरू झालं आणि मी गेलो नाही. काका मला मानेचा आतला बाक शिकवणार आहेत. म्हणतात, शिकायला दोन वर्षं लागतात, तुझ्यासारख्या तापट डोक्याला तीन. त्यानंतर संध्याकाळच्या वर्गांचं बघीन. हे वचन नव्हे, आणि बाबांना वचन म्हणून सांगू नकोस. कोंबडीची गोष्ट तर मुळीच सांगू नकोस. पुढच्या महिन्यात मीच श्यथौला जाऊन सांगणार आहे.

सोबत एक खोकं पाठवतोय, तुझ्या मोरीसाठी. भावोजींना म्हणावं, पाणी बंद करून मगच जुना नळ काढा, नाहीतर मागच्यासारखं व्हायचं. आत तोटी आहे. मानेच्या आतून बोट फिरवून बघ. एका जागी थोडं खरखरीत लागेल, ते मलाही माहीत आहे.

तोटीबरोबर एक चिठ्ठी आहे. ती कोरी नाही. फेकू नकोस. नळ गळला तर शिव्या कुणाला घालायच्या ते तिच्यात लिहिलंय.

पॉलिश : शी छंग-युआन